घरगुती की प्रोफेशनल

बारामतीहून आलेल्या कंप्युटरवाल्यानं विचारलं, "मॅडम, घरगुती टाकू का प्रोफेशनल?" तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, सकाळचे पेशंट नुकते संपले होते आणि मी अजून जेवले नव्हते. अशा वेळी कुणी काही विचारलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, दोन्हींत फरक काय ते आधी सांगा, आणि थोडक्यात सांगा.

त्यानं थोडक्यात सांगितलं नाही. पण त्याच्या बोलण्याचं सार असं, की कंप्युटर ज्याच्या जोरावर चालू होतो तो मूळ प्रोग्रॅम तेव्हा दोन तऱ्हेचा मिळायचा. घरगुती तऱ्हा मोकळीढाकळी. तिच्यावर मुलांचे गेम चालायचे, मराठी टायपिंग चालायचं, कुठलाही प्रिंटर जोडला तरी तिची कुरकुर नसायची. ती पासवर्ड विचारायची खरी, पण कोपऱ्यातलं एक बटण दाबलं की मुकाट्यानं आत सोडायची. प्रोफेशनल तऱ्हा म्हणजे हटवादी. प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि तो चुकला तर मालकालाही दारात उभं करणार. घरात कशाला एवढं, सगळे घरगुतीच घेतात, असं तो म्हणाला.

मलाही ते पटलं असतं. अडचण एवढीच होती की माझं घर आणि माझा दवाखाना एकाच छपराखाली होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लासुर्ण्यात रस्त्याकडच्या दोन खोल्यांत दवाखाना आणि मागे आम्ही सगळे: सासूसासरे, दोन मुलं, आणि बारामतीला कॉलेजात शिकवणारे, सकाळच्या एसटीनं जाऊन दिवेलागणीला परतणारे माझे यजमान. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचे आजोबा मेंढरं घेऊन मुलूखभर फिरलेले. आबा शिकून प्राथमिक शिक्षक झाले आणि निवृत्त झाल्यावर गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले. कंप्युटर येणार म्हटल्यावर सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता. अर्ज आता छापील निघणार होते.

मला त्यात पेशंटचे कागद ठेवायचे होते. तोवर ते जाड कार्डांवर असायचे, उघड्या फडताळात, आणि माझं अक्षर असं की दुसऱ्या दिवशी ते माझं मलाच लागायचं नाही. कुणी कार्ड उचललं तरी काही बिघडत नव्हतं. टाइप केलेलं मात्र शाळेत गेलेलं कुणीही वाचू शकलं असतं, आणि त्याची मला धास्ती होती.

धास्तीचं कारण लग्नं. तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे एक वेगळाच पेशंट यायला लागायचा. वय पन्नाशीच्या पुढचं, कपडे परीटघडीचे. अंग मोडून आलंय म्हणायचा, हात पुढे करायचा, आणि मी नाडी धरली की आवाज खाली आणून अमक्या गावच्या तमक्याच्या मुलीचं काही औषधपाणी चालू आहे का, ते विचारायचा. मुलाच्या तब्येतीची चौकशी करायला इतक्या वर्षांत एकही जण आला नाही. मी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचे: मी सांगत नसते. काही जण हसायचे, काही चिडायचे, दोघातिघांनी तर दवाखानाच बदलला. ते वाक्य म्हणून म्हणून माझा जीव विटला होता.

म्हणून मी प्रोफेशनल घेतला.

घरात जे व्हायचं ते झालं. मुलांचे गेम चालेनात. आबांचं मराठी टायपिंगही त्या प्रोग्रॅमवर चालेना. कंप्युटरवाला दोनदा येऊन हात टेकून गेला. आबा रागावले नाहीत, पण त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले आणि अर्ज पुन्हा हातानं लिहू लागले. आमच्या घरात पिठाच्या डब्यापासून दागिन्यांच्या पेटीपर्यंत कशालाच कधी कुलूप नव्हतं. वाटसरूसुद्धा पाणी प्यायला सरळ स्वयंपाकघरात यायचा, आणि याचा आबांना अभिमान होता. सासूबाई म्हणाल्या की पासवर्ड लावणं म्हणजे घरच्यांना चोर म्हणण्यासारखंच आहे. मी त्यांना समजावलं, मुलांना समजावलं, पुन्हा सासूबाईंना समजावलं, आणि मग थकून तो नाद सोडून दिला.

माघात कऱ्हाटीची मावशी आली. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, घरातली सर्वांत लाडकी पाहुणी. तिच्या मुलासाठी निरवांगीची एक मुलगी पसंत पडली होती. मुलगी डी.एड. करत होती, आणि निरवांगीची पुष्कळ माणसं औषधाला लासुर्ण्याला येत, तशी तीही माझ्याकडे येत असे. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मावशीनं चहा होईपर्यंतही धीर धरला नाही. पोरगी तुझ्याकडंच येती, काय हाय का तिला, तेवढं सांग, म्हणाली.

मुलीला काहीही नव्हतं. दीड वर्षात ती तीनदा आली होती: दोनदा ताप, एकदा हॉस्टेलच्या जेवणानं झालेलं पित्त. काही नाही, खुशाल करा, एवढं म्हटलं असतं तर तिचं लग्न ठरलं असतं. मुलगाही चांगला होता. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका मुलीला मी फिटच्या गोळ्या चालू केल्या होत्या. आज हिच्याबद्दल काही नाही म्हणून मोकळी झाले, तर उद्या तिच्याबद्दल गप्प राहिल्यावर लोक काय ते बरोबर ओळखणार होते. एकीला वाचवायला दुसरीला उघडं पाडायचं, असा तो पेच होता. मी मावशीला सांगितलं की मी कुणाचंच सांगत नाही.

"मी परकी हाय व्हय?" मावशी म्हणाली.

मी चहा ठेवायला आत गेले. तिथंच थांबायला हवं होतं, हे आता कळतं. माझी पाठ वळताच मावशीनं आबांना गळ घातली. कोपऱ्यातलं बटण दाबलं की कंप्युटर उघडतो, हे आबांनी गावच्या हायस्कुलात आलेल्या मशीनवर पाहिलं होतं. ते दवाखान्यात गेले आणि बटण दाबू लागले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. घरच्या पाहुणीला घरातली वस्तू दाखवायची, त्यात काय, इतकंच त्यांना वाटलं असणार. ते दाबत राहिले आणि पडद्यावर तीच चौकट येत राहिली, नाव आणि पासवर्ड मागणारी. मी कप घेऊन आले तेव्हा दोघंही तिच्याकडे बघत उभी होती.

मावशी आबांना म्हणाली, "आत काय असल्याबिगर कुणी एवढं कुलूप लावतं व्हय, दाजी?"

मी म्हटलं की हे कुलूप सगळ्यांच्याच कागदांना आहे, तुमच्या गुडघ्याच्या कागदालासुद्धा. ती ऐकून घेण्यापलीकडे गेली होती. चहा तसाच ठेवून ती एसटी गाठायला निघाली, आणि आठ दिवसांत स्थळ मोडल्याचं कळलं. मावशी खोटं एक अक्षर बोलली नाही. डॉक्टरीण घरचीच हाय पर तोंड उघडंना, एवढंच तिनं विचारणाऱ्याला सांगितलं, आणि ते पुरलं.

मला मावशीचा राग यायला हवा होता, पण तेवढीही ताकद उरली नव्हती. यजमान म्हणाले, तू केलंस ते बरोबरच केलंस. दिवेलागणीला घरी येऊन हे म्हणणं त्यांना सोपं होतं. मला मात्र रोज सकाळी निरवांगीच्या पेशंटांच्या तोंडाकडे बघावं लागत होतं.

चैत्रात एका दुपारी ती मुलगी एकटीच आली. बाकावर बसली, काय होतंय ते सांगेना. शेवटी मीच विचारलं. तर ती म्हणाली, "मॅडम, मला काय झालंय ते मला तरी सांगा."

मला क्षणभर काही उमगलंच नाही. मग हळूहळू तिच्याकडून कळलं, की लोकांचं ऐकून ऐकून तिलाही वाटायला लागलं होतं की आपल्याला काहीतरी आहे आणि डॉक्टर ते लपवताहेत. आई तिला उन्हात जाऊ देत नव्हती, विहिरीकडे एकटं पाठवत नव्हती, दोनदा अंगारा लावून आणलं होतं. मी पासवर्ड टाकला, तिचा कागद उघडला आणि पडदा तिच्याकडे फिरवला. तिनं तो दोनदा वाचला. तीन ओळींचा तर होता.

मग मावशींना हे का सांगितलं नाही, असं तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिला सगळं सांगितलं, दुसऱ्या मुलीची काहीही ओळख न देता. मुलगी हुशार होती, मला वाटलं त्याहून लवकर समजली. मी म्हटलं, तू हो म्हणत असशील तर तुझ्यापुरतं मी कुणालाही सांगेन, हवं तर तुला काही आजार नाही असा दाखला लिहून देते. मी लेटरहेड पुढे ओढलंसुद्धा.

ती म्हणाली, "नको मॅडम. दाखला घिऊन फिरणारी पोरगी कोण करून घील?"

मी पेनाला टोपण लावलं. निघताना ती वाकून माझ्या पाया पडली आणि मला स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. तिची आईही आली नाही. पुढच्या हिवाळ्यात इंदापूरच्या स्टँडवर ती दिसली, हातात पुस्तकांची पिशवी. चांगलीच खोकत होती, छातीतून येणारा खोकला. मी जवळ जाऊन किती दिवस झाले म्हणून विचारणार होते, तेवढ्यात तिनं मला पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले, हसली आणि मान हलवून काही नाही असं खुणावलं. तिची एसटी लागायला दहा-बारा मिनिटं गेली. तेवढा वेळ ती माझ्यासमोर खांदे थरथरेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला दाबत उभी राहिली.