शेवटच्या ओळीतलं नाव

"कट!" मी ओरडलो आणि कानावरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला. पुन्हा तेच झालं होतं. गाणं ऐन रंगात आलेलं, ढोलकी घुमतेय, कोरस टिपेला पोचलाय, आणि नेमकी शेवटच्या कडव्यात पेटी गायब! एकदा नाही, लागोपाठ तीनदा. पावणेबारा वाजले होते. सिनेमाच्या तीनच्या खेळाआधी थिएटर रिकामं करून द्यायचं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. मी मुंबईच्या एका ग्रामोफोन कंपनीत रेकॉर्डिस्ट होतो. रेकॉर्डिस्ट म्हणजे गाणाऱ्याचा आवाज टेपवर उतरवून घेणारा माणूस. पुढे त्या टेपवरून कारखान्यात तबकड्या निघतात. चार गाण्यांची छोटी तबकडी तेव्हा नवी नवी आली होती. एका बाजूला दोन गाणी, दुसऱ्या बाजूला दोन. कंपनीला खेड्यापाड्यात गाजणारी गाणी हवी होती आणि मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरचा. आमचे मॅनेजर रेगेसाहेब म्हणाले, "तुला तिकडची भाषा कळते, तूच जा." सीनिअरशिवाय एकट्याने केलेलं माझं हे पहिलं रेकॉर्डिंग. मशीन जीपमध्ये चढवताना मला इतका आनंद झाला होता की मी ड्रायव्हरला दोनदा चहा पाजला.

गाणारी पार्टी बाभुळगावच्या बाजूची. धर्मांतरानंतर आमच्या जिल्ह्यात गावोगाव अशा गायन पार्ट्या उभ्या राहिल्या होत्या. जुने देव सोडले, त्यांची गाणी सोडली, तर गायला नवी गाणी हवीत की नको? मग शेतावर राबणारी माणसं संध्याकाळी बसून गाणी रचायला लागली. या पार्टीत गाणी लिहायचा आणि गायचा तुळशीराम. पेटी वाजवायचा आणि चाली बांधायचा सुखदेव, म्हणजे तुळशीरामच्या बहिणीचा नवरा. ती बहीण, गिरजाबाई, कोरसमध्ये पहिली. कोरस म्हणजे मागे झील धरणारे. मुख्य गाणाऱ्याने ओळ टाकायची, यांनी ती उचलायची.

यवतमाळात रेकॉर्डिंगजोगी जागा एकच, सिनेमाचं थिएटर. वीज होती, जाड भिंती होत्या आणि सकाळी ते रिकामं असायचं. पत्र्याच्या छपरामुळे आवाज घुमत होता, म्हणून जवळच्या जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, कापसाची पोती आणून स्टेजवर तिन्ही बाजूंनी रचली. घुमणं बंद झालं. हंगाम होता म्हणून पोती मिळाली, नाहीतर आम्ही गाद्या शोधत फिरलो असतो.

सकाळी आठला पार्टी आली. दोन बैलगाड्यांतून आली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एका गाडीत तुळशीराम आणि ढोलकीवाला. दुसरीत सुखदेव, गिरजाबाई आणि बाकीचा कोरस. "जयभीम, साहेब," तुळशीराम आणि सुखदेव दोघेही मला म्हणाले. एकमेकांना काहीच म्हणाले नाहीत.

तेव्हा आमच्याकडे माइक एकच असायचा. कोणाचा आवाज मोठा आणि कोणाचा लहान, हे माइकपासून कोण किती लांब उभा आहे त्यावरच ठरायचं. याला आम्ही बॅलन्स म्हणतो. मी जमिनीवर खडूने गोल काढले. तुळशीराम दीड फुटावर, पेटी पाच फुटांवर, कोरस सात फुटांवर.

सुखदेवने गोल पाहिले. "साहेब, हे एवढ्या मागं काहून?"

"पेटी मोठी वाजते. गाण्यावर चढेल."

"मंग त्यायले म्हणा, जोरात गा."

तुळशीराम ढोलकीवाल्याकडे बघत म्हणाला, "जवाईबुवाले सांगा, आमचा गळा जत्रेत माइकाबिगर ऐकू येते."

दोघांमध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि निरोप तिसऱ्यामार्फत चालले होते. मला हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती. पण गाणं सुरू झालं मात्र, मी सगळं विसरलो! तुळशीरामचा गळा म्हणजे उघडा, धारदार, कुठेही न अडखळणारा. त्याच्या मागे पेटी अशी चालायची की जणू एकाच माणसाला दोन तोंडं आहेत. बोलत नव्हते, पण गाण्यात एकमेकांचा श्वास ओळखत होते. मी कंपनीत कित्येक नामांकित गवई ऐकले होते. हेडफोनमध्ये असा काटा अंगावर कधी आला नव्हता.

पहिली तीन गाणी अकराच्या आत झाली. ही तिन्ही स्वागताची आणि वंदनेची, सगळ्याच पार्ट्या गातात ती, कोणा एकाची नाहीत. अडचण एवढीच की जत्रेत यांचं एक गाणं पाव तास चालायचं आणि तबकडीत मावतात जेमतेम सव्वातीन मिनिटं. मी बोट वर केलं की शेवटचं कडवं, असं ठरवलं. तेही त्यांनी लगेच उचललं.

चौथं गाणं म्हणजे ज्याच्यासाठी कंपनीने जीप पाठवली होती ते. सगळ्या जिल्ह्यात लोक ते गुणगुणत होते. त्याची शेवटची ओळ अशी: 'तुळशीराम सांगे, आता पहाट आली दारी.' या गाण्यांत कवी शेवटी आपलं नाव घालतोच. कागदावर सही करावी तसं ते असतं.

आणि 'तुळशीराम' म्हटलं की पेटी गायब!

पहिल्या वेळी मला वाटलं, मशीनच बिघडलं. मी वायर तपासली, माइक ठोकून पाहिला. दुसऱ्या वेळी व्हॉल्व्ह बदलला. मशीनमधला तो काचेचा दिवा गरम व्हायला दहा मिनिटं लागतात, ती गेली. तिसऱ्या वेळी हेडफोन कानावर ठेवून मी मान वर करून बघितलं, तेव्हा कळलं. सुखदेव त्या शब्दावर पेटीवरचा हात उचलून सरळ मांडीवर ठेवत होता. नाव संपलं की पुन्हा वाजवायला लागायचा. मी व्हॉल्व्ह बदलत बसलो होतो!

"सुखदेव, हे काय?"

"मी त्या नावाले वाजवत नाही, साहेब."

"कायले वाजवत नाही?" तुळशीराम उसळला. पहिल्यांदाच थेट बोलला. "गाणं माहं हाय!"

"शब्द तुह्ये. चाल कोणाची? चार महिने मी पेटीवर बसून राह्यलो, तवा हे गाणं उभं झालं. बिनचालीचं वाचून दाखव लोकायले, पाहू कोण ऐकते तं!"

मग गिरजाबाईने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मागच्या महिन्यात नेरला कार्यक्रम होता. तुळशीराम तापाने घरी. सुखदेवने गाणं गायलं आणि शेवटी 'सुखदेव सांगे' म्हणून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी बातमी बाभुळगावात पोचली आणि पार्टी फुटली. कंपनीचं पत्र त्यानंतर आलं, ते पार्टीच्या नावाने. म्हणून दोघंही आले होते.

खरं सांगतो, मला सुखदेवचं म्हणणं पटलं. कवीचं नाव ओळीत येतं, चाल बांधणाऱ्याचं कुठेच येत नाही. पण हे सगळं ठरवायला मी कोण?

मी शहाणपणा केला. म्हणालो, "नावाचं कडवंच गाळू. गाणंही लहान होईल."

झालं! सकाळपासून पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

"नाव गाळता?" तुळशीराम म्हणाला.

"बिननावाचं गाणं बेवारस, साहेब," सुखदेव म्हणाला.

"बरं, मग दोन्ही नावं घाला."

"एका लेकराले दोन बाप?" तुळशीरामने हात जोडले. ढोलकीवाला फिसकन हसला आणि त्याला दोन्हीकडून डोळे वटारले गेले.

एक वाजता ट्रंक कॉल लागला. तेव्हा लांबचा फोन आधी बुक करावा लागे आणि तो लागला की ओरडून बोलावं लागे. थिएटरच्या ऑफिसातून मी ओरडलो, "तीन गाणी ओके, साहेब!"

"चौथं?"

"जरा घरगुती अडचण आहे."

"तीन गाण्यांची रेकॉर्ड मी कोणाला विकू? आज नाही झालं तर उद्या नागपूरला जा. तिथली पार्टी तयार आहे. यांची तीन पुसून टाक आणि तीच टेप वापर."

पुसून टाक! नोकरीची काळजी होतीच. पण सकाळची ती गाणी पुसायची या विचाराने मला रडूच यायला लागलं. मी स्टेजवर आलो आणि होतं तसं सांगून टाकलं. आज चौथं झालं नाही तर काहीच राहणार नाही, सकाळची तिन्हीही नाहीत.

तुळशीराम पोत्याला टेकून बसला. सुखदेव पेटीचा भाता उगाच उघडत आणि मिटत राहिला. दोघांचेही चेहरे पडले होते, पण एकही हलायला तयार नव्हता.

अडीचला थिएटरचा मॅनेजर डोकावला. बाहेर तिकिटाची रांग लागली होती, आरडाओरडा आत ऐकू येत होता. "साहेब, दहा मिनिटं. मग मी दारं उघडतो."

गिरजाबाई उठून उभी राहिली. पदर खोचला. "मशीन सुरू करा, साहेब. दादा, तू गा. शेवटची ओळ मी धरीन."

"कोणाचं नाव घेशील?" तुळशीरामने विचारलं.

"तू गा म्हणतो ना मी तुले!"

मी तिला सात फुटांवरून दोन फुटांवर ओढलं आणि बटण दाबलं. त्या टेकचं, म्हणजे त्या खेपेच्या रेकॉर्डिंगचं, काय सांगू? बाहेरचा गलबला दारापाशी थांबलेला, आत सगळ्यांना घाई, आणि त्या घाईने गाण्याला असा जोर आला की ढोलकीवाल्याच्या कपाळावरून घाम ठिबकत होता. मी बोट वर केलं. शेवटचं कडवं आलं. सुखदेवची नजर बायकोवर. हात उचलायच्या तयारीत. तुळशीरामने तोंड मिटलं. आणि गिरजाबाईने आवाज लावला:

'गिरजाबाई सांगे, आता पहाट आली दारी!'

पेटी थांबली नाही. ती थांबवायचं कारणच सुखदेवला मिळालं नाही. कोरसने ओळ उचलली, तुळशीरामही नकळत त्यात शिरला, आणि तीन मिनिटं बारा सेकंदांवर गाणं संपलं. मी बटण बंद केलं आणि वेड्यासारखा ओरडलो, "ओके! ओके!"

मग सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"हे काय केलं तू?" तुळशीराम म्हणाला.

गिरजाबाई धापा टाकत होती. "तुह्यं नाव घेतलं असतं तं यायनं हात उचलला असता. यायचं नाव तं मले तोंडानं घेताच येत नाही, नवरा हाय माहा. मंग राह्यलं कोणाचं? आन् माह्या नावाले कोण थांबवते?"

तेवढ्यात मॅनेजरने दारं उघडली, लोक खुर्च्या पकडायला धावले आणि आम्ही त्यांच्यामधून माइक, मशीन आणि कापसाची पोती बाहेर काढली.

मुंबईला रेगेसाहेबांनी टेप ऐकली. पहिल्या तीन गाण्यांना मान हलवली. चौथ्याच्या शेवटी थांबले.

"ही गिरजाबाई कोण?"

"कोरस."

"कोरसचं नाव शेवटच्या ओळीत?"

"साहेब, तिथे दुसरं कुठलंच टिकत नव्हतं."

लेबलवर मी नीट छापून घेतलं: गीत तुळशीराम, संगीत सुखदेव. दोघांनाही न्याय मिळाला असं मला वाटलं. पण लेबल वाचतो कोण? रेकॉर्ड लोक ऐकतात. ती लग्नांत वाजली, बसस्टँडवरच्या हॉटेलात वाजली, पार पांढरकवड्यापर्यंत ट्रकवाले ती वाजवायला सांगायचे. दुकानात येऊन गिऱ्हाईक म्हणायचं, "गिरजाबाईची रेकॉर्ड द्या." कंपनीला पत्रं आली तीही तिच्याच नावाने. दुसऱ्या रेकॉर्डचं बोलावणं कंपनीने धाडलं ते सरळ 'गिरजाबाई आणि पार्टी' असं लिहून.

दोघंही मुकाट्याने आले. अजून एकमेकांशी फारसं बोलत नव्हते. पण तिने सांगितलेल्या वेळेला आले आणि तिने सांगितलेली गाणी गायले.

पुढे तीस वर्षं मी रेकॉर्डिंग केलं. नव्या पार्टीकडे गेलो की गाणं कोणाचं, असं मी कधी आधी विचारलं नाही. ते भांडण त्यांचं. मी बघायचो, गाणं थांबवू शकेल असा माणूस कोणता, आणि ज्याला थांबवायचं कोणाच्या मनातही येत नाही तो कोणता. त्या दुसऱ्याला मी माइकजवळ घ्यायचो.