काळजाचा फोटो

"काका, मॅडम गेल्या," असं फोनवर पुण्याच्या दवाखान्यातल्या एक बाई म्हणाल्या आणि मी विचारलं, "कितीच्या एस्टीनं?"

शनिवार होता. मेंढ्यांची लोकर कातरत होतो, हातात कातर, गुडघ्याखाली मेंढी, खांद्यावर फोन. शनिवारी माझी बायको इंदू पुण्याहून येडगावला यायची, मला वाटलं निघाली. पलीकडं त्या बाई रडायला लागल्या तेव्हा कळलं. निवृत्त झाली होती, तरी दवाखान्यात तिची एक खुर्ची ठेवलेली होती, त्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. कुणाला त्रास न्हाई, स्वतःला न्हाई… मी ती मेंढी अर्धी कातरलेली सोडून दिली. आता महिना होऊन गेला, अजून ती तशीच अर्धी हिंडते. बाकीच्या मेंढ्या तिला हसत असतील.

मी सातवी शिकलेला माणूस. इंदूवर पेपरात छापून आलं, "वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ", "प्रतिमा-संशोधन", असलं लई काही. ते दोनदा वाचून घेतलं, पण त्यात मला माझी इंदू सापडली नाही. म्हणून मी लिहितो. चुकलं तर चुकलं.

इंदू महाळुंगे पडवळची. बारावी झाल्यावर लग्न झालं, आणि सासऱ्यांनी एकच अट घातली, पोरगी पुढं शिकणार. लोक आता म्हणतात, तुम्ही बायकोला शिकवलं. खोटं आहे ते. मी फक्त आडवा आलो नाही. शिकवलं असेल तर चिमावहिनीनं, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोनं. इंदू सकाळची एस्टी धरून कॉलेजला जायची आणि तिच्या वाटची धुणी, भाकरी, मेंढवाड्याची झाडलोट वहिनीच्या गळ्यात पडायची. पुढं आम्हाला मुलगी झाली, इंदू पुण्याला नोकरीत, तर पोरगीही वहिनीच्याच काखेत वाढली. आणि वहिनी काही देवी नव्हती. बोलून दाखवायची, रोज दाखवायची. "ही पानं उलटती, मी भाकरी उलटते," असं मोठ्यानं म्हणायची, इंदूला ऐकू जाईल असं. इंदू कधी उलट बोलली नाही. मी बोलायचो, मग आणखी भडकायचं.

गावाला वाटलं इंदू डॉक्टरीण झाली. माणसं ताप घेऊन दारात यायची. ती सांगायची, मला सुई टोचता येत नाही.

"मग येतं तरी काय?"

"मशीन बरोबर चालतंय का, ते बघता येतं."

"म्हंजी एवढं शिकून मेकॅनिक झालीस व्हय?" आमच्या म्हाताऱ्या चुलत्यानं विचारलं. इंदू म्हणाली, "व्हय, तसंच." पुढं कित्येक वर्षं ती घरी आली की चुलता मोटारीचा पंप दाखवायला घेऊन जायचा. दोनदा तिनं दुरुस्तही केला.

सुरुवातीला तिचं काम कॅन्सरच्या माणसांना शेक देतात त्या मशीनवर होतं, शेक किती आणि नेमका कुठं पडतो ते मोजायचं. नंतर ती फोटोच्या मशीनकडं वळली, ज्या बोगद्यात माणसाला झोपवतात आणि आतून खडखड आवाज येतो ते. त्याला कारण आमची एक मेंढी. पाणथळ रानात चरली की मेंढीच्या काळजात, खाटीक ज्याला कलेजी म्हणतो त्यात, चपटे किडे होतात. तसली एक कापली तेव्हा मी काळीज हातात घेतलं आणि सांगितलं, हे बाद आहे. इंदू जवळ आली.

"कसं कळलं हो?"

"अंगठा दाब. चांगलं असलं तर थलथलतं. बिघडलं की वहाणेच्या तळासारखं लागतं."

तिनं दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. मग म्हणाली, "आमच्याकडं माणसाच्या कुशीत सुई घालून काळजाचा तुकडा काढतात, तेव्हा कळतं. सुई न घालता अंगठा दाबता आला पाहिजे."

त्या अंगठ्यापायी तिनं पुढची कित्येक वर्षं घातली. माणसाच्या बरगडीवर एक चकती ठेवायची, ती थरथरवायची, आणि काळजातून लाट कशी जाते त्याचा मशीनमधून फोटो काढायचा. मऊ काळजातून लाट हळू चालते, कडक काळजातून पळत सुटते. एवढं मला समजलं, बाकी नाही. तपासायला म्हणून ती घरी काळजासारख्या मऊ वड्या थापायची, कमी मऊ, जास्त मऊ, आणि फ्रीजमध्ये ठेवायची. थोरल्या भावानं एकदा तसल्या चार वड्या खाल्ल्या आणि म्हणाला, "इंदू, खरवस झालाय झकास, पण गूळ टाकायला इसरलीस." आठवड्याचं काम खाल्लं होतं त्यानं. तिनं कपाळाला हात लावला आणि मग हसत सुटली.

सगळं जमत आलं आणि एका जागी अडलं. "आजारी काळजं ढीगभर मिळतात," ती म्हणाली, "पण चांगलं काळीज किती मऊ असतं, तेच मोजलेलं न्हाई. ते मोजलं न्हाई तर एवढ्या वर्षांचं काम कपाटात जाईल." मशीन एका रविवारी रिकामं मिळणार होतं, तेवढंच. मी म्हणालो, आपल्या वाडीइतकी धड माणसं कुठं मिळतील? जीप ठरवली. चौदा जणं तयार झाली, त्यात नऊ बाया.

चूक झाली ती एका शब्दाची. "लिव्हर" म्हणावं तर बाया म्हणतील, आम्ही काय दारू पितो? आणि पुस्तकातला शब्द कुणाला कळणार? म्हणून इंदूनं सांगितलं, "काळजाचा फोटो काढायचाय." तिच्या डोक्यात मेंढीचं काळीज. बायांच्या डोक्यात मनातलं काळीज.

त्या मशीनजवळ धातू चालत नाही, म्हणून दवाखान्यात गळ्यातलं मंगळसूत्र काढायची वेळ आली तेव्हा गडबड होईल असं मला वाटलं होतं, पण इंदूनं प्रत्येकीसाठी काळ्या मण्यांचा दोरा ओवून आणला होता. ते निभावलं. मग एकजण हळूच म्हणाली, "म्या न्हाई झोपायची. मनात काय काय असतं, ते समदं दिसंल की!" झालं, बाकीच्याही मागं सरकल्या. मी म्हणालो, काही दिसत नाही, मी जातो पहिला. गेलो. आत मी श्वास धरून पडलोय, आणि बाहेर कुणीतरी इंदूला विचारलं, काय दिसतंय गं? इंदू चेष्टेनं म्हणाली, "मेंढरं दिसत्यात."

मी बाहेर आलो तर सगळ्यांचे चेहरे पांढरे. "खरंच दिसतंय वो! भावजींच्या मनात दुसरं काय आसनार?" बाया दाराकडं निघाल्या. इंदूचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणालो, "इंदे, चेष्टेला हाच मुहूर्त घावला का?" ती समजावत होती, हात जोडत होती, कुणी ऐकेना. एवढ्या वर्षांचं काम माझ्या डोळ्यांदेखत जीपमध्ये बसायला निघालं होतं.

तेव्हा चिमावहिनी पुढं झाली. पदर खोचला आणि म्हणाली, "व्हा बाजूला. मी जाते. इंदू, तुझ्याबद्दल माझ्या मनात काय हाय, ते एकदा बघूनच घे."

कुणी हसलं नाही. ती गेली, झोपली, चकती उजव्या बाजूला ठेवली तेव्हा, "काळीज डावीकडं असतंय, शिकलेली बाई," असं टोचूनही घेतलं. वीस-एक मिनिटांनी बाहेर आली, चपला घातल्या आणि सरळ इंदूसमोर जाऊन उभी राहिली.

"दिसलं?"

इंदू म्हणाली, "दिसलं."

"काय दिसलं?"

"माझ्या वाटच्या भाकरी, जाऊबाई. समद्या दिसल्या. एकन्‌एक."

वहिनीनं नाक ओढलं, मागं वळली आणि बायांवर खेकसली, "बघता काय? चला, लायनीत या!" चौदाच्या चौदा फोटो झाले. येताना ओझरला गणपतीपुढं जीप थांबवली आणि दोघी जावांनी एका ताटात भजी खाल्ली. लग्नापासून पहिल्यांदा.

इंदूचं काम मान्य झालं. सुई न टोचता आता कितीतरी माणसांचं काळीज तिथं तपासतात, आणि सुरुवातीला त्यांना जोखलं ते आमच्या वाडीच्या काळजांवर. मी तिला एकदा विचारलं, माझं कसं होतं गं? म्हणाली, "मऊ. जिभेवर जाऊ नये माणसाच्या."

परवा चिमावहिनी काठी टेकत माझ्याकडं आली. आता तिला धड दिसत नाही, ऐकू येत नाही. म्हणाली, "भावजी, त्या दिशी इंदूनं सोताचा फोटो काढला व्हता का?" मी पुण्याहून आलेली इंदूची पेटी उघडली. होता. काळी फिल्म, कोपऱ्यात तिचं नाव. वहिनी ती घेऊन खिडकीशी गेली, उजेडासमोर धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली… मी फटकळ माणूस, तोंडावर आलं होतं की वहिनी, ते नुसतं लिव्हर आहे.

"यात मी कुठं हाय वो?" वहिनीनं विचारलं.

मी उठलो, आणि जिथं सगळ्यात उजळ दिसत होतं तिथं बोट ठेवलं.