पळणाऱ्या बाईंचा फोटो

"पळून मिळतं काय, मॅडम?" हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय. शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारलं, सासूबाईंनी विचारलं, घराजवळच्या स्पाइन रोडवर दूधवाल्यानं गाडी हळू करून विचारलं. पुरुष पळत असला की कुणी काही विचारत नाही. तो भरतीची तयारी करत असेल, नाहीतर पोट कमी करत असेल, असं लोक आपलं आपणच ठरवून टाकतात. चाळिशीची बाई ट्रॅक पँट घालून पळताना दिसली की मात्र हिला घरात काही काम नाही का, असा चेहरा करतात.

काम! चाकणजवळच्या महाळुंग्यात मी शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग. चहूबाजूंनी कंपन्या, आणि वर्गात त्या कंपन्यांमध्ये राबायला आलेल्यांची पोरं. कुणी नांदेडचं, कुणी बीडचं, दोघं-तिघं पार बिहारची. शिकवायला मला मनापासून आवडतं, पण शिकवू कोण देतं? पोरांनी हात धुतले, फोटो पाठवा. झाड लावलं, फोटो पाठवा. जंताच्या गोळ्या वाटल्या, फोटो पाठवा. झाड पुढे जगलं का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. फोटोही साधा चालत नाही, जिओ टॅगचा लागतो. म्हणजे खाली जागा आणि वेळ आपोआप उमटलेली हवी. मास्तर लोक खोटारडेच, हे आधीच धरून चालायचं. ग्रुपवर "ताबडतोब फोटो टाका" असा मेसेज पडायचा अवकाश, आम्ही सगळे हातातला खडू टाकून फोन उचलतो. फळ्यावरचा भागाकार अर्धा राहतो. पोरांनाही सवय झालीये, ती न सांगता ओळीत उभी राहतात आणि हसतात.

त्यात गावातल्या एका मतदान केंद्राची यादी माझ्या गळ्यात बांधलेली. घरोघरी जा, मेलेल्यांची नावं कमी करा, नव्यांची चढवा. कंपनीतली माणसं दर वर्षी खोली बदलतात, त्यांना शोधत मी चाळी पालथ्या घालते. शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, गॅसवर कुकर ठेवून फोनवर.

या सगळ्यातून पहाटेचा एक तास तेवढा माझा होता. माझ्या वडिलांनी पिंपरीच्या एका कंपनीत जन्म घालवला. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं. रविवारी ओव्हरटाइम लागला की गपचूप डबा घेऊन जायचे. त्यांना स्वतःचा म्हणून एखादा तास मिळाला असेल, असं मला आठवत नाही. म्हणून हा तास मी कुणालाही देत नव्हते. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट असली की आधी दोन डबे भरायचे आणि मग बूट घालायचे. बुद्धविहाराच्या पटांगणात चार फेऱ्या झाल्या की अंग सुटायचं, मग रस्त्याला लागायचं. त्या तासाचा फोटो कुणी मागत नव्हतं. एवढ्यासाठी मी पळत होते. हे उत्तर दूधवाल्याला कसं देणार?

मग मी पूर्ण मॅरेथॉनला नाव घातलं. बेचाळीस किलोमीटर. वर्षभर तयारी केली. रविवारी वाकडच्या एका ग्रुपबरोबर लांबचं पळायचे. सगळी आयटीतली माणसं, चांगली होती. पण लांब पळाल्यावर दुसऱ्या दिवशी विश्रांती हवीच, असं ती सांगायची तेव्हा मला हसू यायचं. माझी विश्रांती म्हणजे सोमवारी सहा तास वर्गात उभं राहणं.

शर्यतीला दहा-बारा दिवस उरले असताना आदेश आला. नेमक्या त्याच रविवारी मतदार यादीचं शिबिर. सकाळी नऊपासून केंद्रावर बसायचं.

यादीच्या कामाला आमच्यावर एक पर्यवेक्षक साहेब आहेत. त्यांना फोन केला. म्हटलं, "साहेब, फक्त तो रविवार सोडा. पुढचे चार रविवार बसते."

"मॅडम, पळायचं काय एवढं? पुढच्या वर्षी पळा. रस्ते काय कुठे जाणारेत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हा माणूस स्वतः कधी एका केंद्रावर चहा संपेपर्यंतही बसत नाही. उंटावरून शेळ्या हाकतो, आणि माझं वर्ष पुढच्या वर्षात ढकलून मोकळा होतो!

मार्ग काढला तो आमच्या शाळेतल्या गुरुजींनी. ते इथलेच, मावळातले, निवृत्तीला आलेले. त्यांचं केंद्र माझ्या शेजारच्याच वर्गात. म्हणाले, "बाई, तुमी पळा. तुमचं टेबल मी मांडून ठिवतो. सकाळी कोण येतंय मराया? आन् फोटू तर जेवणानंतरच मागत्यात. तवर तुमी येताय का न्हाई?"

"येते की, गुरुजी. फार तर साडेदहा."

"व्हय ना, मग झालं."

शर्यत अंधारातच सुटली. सुरुवातीचे तीस किलोमीटर इतके छान गेले की मला माझंच नवल वाटलं. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. पण ऊन चढलं, आणि मारुंजीच्या बाजूच्या चढावर माझे पाय संपले. आजूबाजूचे लोक चालायला लागले होते. मी म्हटलं, चालायचं नाही, कितीही हळू, पण पळायचंच.

तेवढ्यात कमरेच्या पट्ट्यात फोन थरथरला. मला वाटलं, घरून असेल. पळता पळताच काढून बघितला. पर्यवेक्षक साहेबांचा मेसेज होता. "सर्वांनी आपापल्या केंद्रावरील जिओ टॅग फोटो ताबडतोब टाकावेत."

यानंतर मी जे केलं ते आमच्या खात्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. मी थांबले, फोन समोर धरला, केस सारखे केले, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. घामानं निथळणारी मी, छातीवर शर्यतीचा नंबर, मागे पाण्याचं टेबल, आणि खाली ठळक अक्षरांत "मारुंजी". फोन परत पट्ट्यात घालून वीसेक पावलं गेले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लगेच गुरुजींचा फोन. "अवो बाई, काय केलंत ह्ये! काढा, काढा तो फोटू!"

पण तोवर सगळ्यांनी पाहिला होता. साहेबांनी खाली विचारलंही होतं, "मॅडम, आपण कुठे आहात?"

मी रस्त्यावर मोठ्यांदा शिवी दिली. शेजारून पळणारा मुलगा दचकून बाजूला झाला. शिवी साहेबांना नव्हती, मला होती. फोटो मागितला की द्यायचा, हे इतकं अंगात मुरलं होतं की माझ्या हातानं मला विचारलंसुद्धा नाही. बेचाळीस किलोमीटर पळून ज्यांच्यापासून सुटायचं, त्यांना मी वाटेत थांबून, केस नीट करून हजेरी दिली होती.

राग आला की पाय हलके होतात म्हणतात. साफ खोटं आहे. पाय शिशाचे झाले होते. पण आता नोटीस येणारच होती, मग अर्धवट सोडून घरी कशाला जाऊ? उरलेलं अंतर मी दात-ओठ खात पळाले. शेवटची रेषा ओलांडली, कुणीतरी गळ्यात मेडल घातलं, आणि मी तशीच लंगडत स्कूटीकडे गेले. तळवड्याच्या पुढे कंटेनरांच्या रांगेत पोटरीत गोळा आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं किती आणि चिडीचं किती, मला सांगता येणार नाही.

केंद्रावर पोचले तर पर्यवेक्षक साहेब माझ्याच खुर्चीवर बसले होते. मी मनाची तयारी करून आत गेले. साहेब चक्क उठून उभे राहिले, आणि हसले.

"या मॅडम, या! अहो, तुमचा फोटो मी वर पाठवला. मोठ्या साहेबांनी अभिनंदन केलंय. मतदार जागृतीसाठी शिक्षिका धावल्या म्हणून! मेडल कुठाय? घाला गळ्यात. इथे शिबिराच्या फलकासमोर उभ्या राहा, मी शेजारी थांबतो."

"साहेब, मी मतदार जागृतीसाठी नाही पळाले."

"ते आता कोण विचारतंय? आमच्या मार्गदर्शनाखाली उपक्रम घेतला, असं लिहिलंय मी. तुम्हीही ड्युटीवरच होतात असं धरू. तुमचंही काम झालं."

आयत्या बिळावर नागोबा! वर्षभराच्या माझ्या पहाटा या माणसाच्या मार्गदर्शनाखाली झाल्या होत्या. गुरुजी दारातून हळूच म्हणाले, "बाई, घ्या एक फोटू काढून. सुटतंय ना समदं." त्यांच्या मनात माझं भलंच होतं. मलाही एक क्षण वाटलं की उभं राहावं. एका फोटोनं काय जातं?

मग मला कळलं की माझं म्हणून जे होतं, तेवढंच तर जाणार होतं. त्या फोटोनंतर ती धाव त्यांची झाली असती. पुढच्या वर्षी मला शर्यतीत पळायचा आदेशच आला असता.

मी मेडल पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली. "साहेब, मी ड्युटीवर नव्हते. माझी माझी पळत होते. वर तसं कळवा."

साहेबांचं हसू मावळलं. "मग मला कारवाई करावी लागेल, मॅडम. वेतनवाढ अडकेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उगाच वाढवू नका. मागच्या तारखेचा रजेचा अर्ज द्या. मी मंजूर करून टाकतो, विषय संपला."

आमच्याकडे सगळे विषय असेच संपवतात. मीही आधी दोनदा संपवले आहेत. गुरुजींनी तर टेबलावर कोरा कागद आणून ठेवलाही.

मी तो कागद साहेबांकडे सरकवला. म्हटलं, "नोटीस काढायची तर यावर काढा. आज रविवार आहे. रविवारची रजा मी मागणार नाही."