आक्काचा न फिरणारा कंदील

फोन आला तेव्हा माझ्या मुशीत सोनं वितळलं होतं, आणि अशा वेळी आमच्या धंद्यातला माणूस बाप हाक मारत आला तरी मान वळवत नाही. विट्याची गलाईवाली, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारी माणसं आम्ही, कुठं कुठं दूरच्या मुलखात दुकानं टाकून बसलेली. पलीकडून भाचा सुरेश एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली." मी जन्मभर इतक्या थापा मारल्यात, की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा माझं निम्मंच खरं धरतात. त्या दिवशी मात्र खरी गोष्ट मलाच थाप वाटली…

शालनआक्का माझी थोरली बहीण. विट्याच्या पुढं माणच्या अंगाला असलेल्या एका वाडीत दिली, आणि तिथल्याच शाळेत बाई म्हणून निवृत्त झाली. निवृत्त म्हणजे कागदावर. दिवाळीची सुट्टी लागली की तिच्या अंगणात दुसरी शाळा भरायची. मातीचा किल्ला, त्यावर पेरलेले हळीव, सलाईनच्या नळीचं कारंजं. ते कारंजं एका वर्षी इतकं उंच उडालं की लिंबावरच्या कावळ्याची आंघोळ झाली आणि तो पांढरा पडला. नका ठेवू विश्वास. पण वाडीत विचारलंत तर दोन म्हातारे तरी शपथेवर सांगतील, कारण त्यांना ते मीच सांगितलंय.

आक्काची एक रीत होती. जे काही करून दाखवायची, त्यात एक खोट मुद्दाम ठेवायची. कारंज्याची बाटली कारंज्याच्याच खाली टांगायची, नाहीतर नळीला मातीखाली मुडप घालायची. मग पोरांनी पाणी का येत नाही ते शोधायचं. ज्याला सापडेल त्यानं ओरडायचं नाही. आक्काजवळ जाऊन हळूच तिच्या कानात सांगायचं, ती एक चकली हातावर ठेवणार, आणि बाकीच्यांचं शोधणं चालूच. मी म्हणायचो, आक्का, माझं पोट सोन्यातली खोट काढण्यावर चालतंय आणि तू चांगल्या वस्तूत घालत बसलीस. ती हसायची. एकदा भर अंगणात मी उत्तर ओरडून टाकलं. गप्प बसणं हा आजार मला कधी झालाच नाही. भाऊबीजेला ओवाळताना कुंकवाचं बोट माझ्या कपाळावर दाबून ती म्हणाली, "पोरांच्या म्होरचं ताट वढलंस, बापू." ओवाळणीच्या ताटात शंभराची नोट टाकली तरी तिनं नोटेकडं बघितलं नाही.

गेल्या वर्षापासून तिचे हात थरथरायला लागले. नावं निसटायला लागली. मला ती कधी बापू म्हणायची, कधी वडील समजून "आवं, बसा की" म्हणायची. सुरेशनं कात्री लपवून ठेवली, आणि तिनं ती कणगीमागून शोधून काढली. गणपतीत मी गावी आलो तेव्हा तिचा फिरता कंदील तयार होता. वर सुईच्या टोकावर कागदाचं चक्र, त्याच्या पाकळ्या मुडपलेल्या, चक्राला चिकटवलेल्या कागदी मेंढ्या आणि त्यांच्या मागं लांडगा. खाली पणती लावली की तापलेली हवा वर चढते, पाकळ्यांना ढकलते आणि लांडगा रात्रभर मेंढ्यांमागं पळतो. आम्ही पणती लावली. मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत. आक्का शांत बघत बसली. सुरेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, आईला आता उमगत न्हाई." मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "आक्का, ही खोट हाय का चूक?"

"च्या घेतलास का?" ती म्हणाली.

तेच आमचं शेवटचं बोलणं. नवरात्रात ती गेली, आणि माझा प्रश्न तसाच राहिला. शेवटी शेवटी आक्का आक्का होती का? सुरेशला तर शंकाच नव्हती, आणि त्याची ती खात्रीच मला जास्त टोचत होती.

यंदा दिवाळीला मी आक्काच्या घरी होतो, तिथं सण नव्हता. दिवा नाही, फराळ नाही, शेजारणींनी आणून दिलेले डबे तेवढे. पण सुट्टी लागली तशी पोरं अंगणात येऊन बसली, न बोलावता. मी कंदील खाली काढला. सुरेश म्हणाला, "मामा, दुखवट्याच्या साली कंदील?" मी म्हणालो, "ह्यो सणाचा न्हाई, शाळेचा हाय." धूळ पुसताना चक्रावरनं बोट फिरवलं आणि थांबलो. एक पाकळी डावीकडं मुडपलेली, शेजारची उजवीकडं, पुन्हा डावीकडं, पुन्हा उजवीकडं… सगळं चक्र असंच. निम्म्या पाकळ्या इकडं ढकलणार, निम्म्या तिकडं. थरथरत्या हाताची चूक सैरावैरा असते, हो. अशी रांगेत उभी राहत नाही.

मी तोंड उघडलं, आणि कुणाच्या कानात सांगावं ते कळेना. मग आयुष्यात पहिल्यांदा मिटून घेतलं. कंदील टांगला, पणती लावली.

पोरं माना वर करून बघत राहिली. एकीनं विचारलं, "मामा, खोट हाय का बाई चुकल्या?"

"बघा की," मी म्हणालो.

पोरांच्या मागं सुरेश उभा होता. तो बघत होता, मग जवळ गेला, मग टाचा उंचावून खालून चक्राकडं बघू लागला. बराच वेळ तसाच. मग वळला, माझ्यापर्यंत आला आणि वाकून माझ्या कानाशी लागला. चाळिशी ओलांडलेला बाप्या, आवाज मात्र तिसरीतल्या पोराचा. त्यानं सांगितलं ते बरोबर होतं. मी शेजारणीच्या डब्यातली चकली त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली नाही, मुठीत धरून कंदिलाकडं बघत उभा राहिला.

सुट्टी सरली. कंदील अजून तिथंच आहे. शाळा सुटली की पोरं येतात, त्याच्याखाली उभी राहतात. पाकळ्या सरळ करायला कुणाला पाच मिनिटं लागणार नाहीत, पण सुरेश कुणाला हात लावू देत नाही. संध्याकाळी पणती तोच लावतो, आणि मग ओट्यावर बसतो, कुणी पोर कानात सांगायला येईल म्हणून कान देऊन.