जुनं पायथन कोण वापरतं?

माझी नात सई गावच्या वाचनालयासाठी केलेल्या, पुस्तकं शोधायच्या प्रोग्रॅमचं लिनक्सवर चालेल असं पॅकेज बांधत बसली होती. स्क्रीनवर एक लाल ओळ उमटली आणि तिच्या कपाळावर आठ्या. प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला ते पायथन वाचनालयाच्या थकलेल्या कॉम्प्युटरवर जुनं, हिच्या प्रोग्रॅमला हवं नवं.

"आजी, जुनं पायथन आता कोण वापरतं गं? नवं टाका म्हणते त्यांना."

मला तिच्या आवाजात माझी तिशी ऐकू आली. काय तोरा होता बाईंचा! ऑफिसच्या मशीनवर मी नवं पायथन टाकलं आणि साफसफाईच्या झटक्यात जुनं काढून टाकलं. प्रोग्रॅम बसवणारं अवजारच त्या जुन्यावर चालायचं, हे या विदुषीच्या गावीही नव्हतं. जुनं परत आणायला गेले, तर आणणारंच उरलं नव्हतं! साहेब म्हणाले, "बाई, उभ्या होतात तीच फळी कापलीत." मी रडत मशीन पुन्हा उभं केलं, आणि हसू आवरेना म्हणून बाकीचे चहाला गेले. किती जुन्या गोष्टी अशा निमूटपणे आपला भार वाहत असतात. तरी ते दिवस हवेसे वाटतात. चुकायलाही केवढा उत्साह होता!

"नवं टाकताना तिथलं मशीन बंद पडलं, तर उद्या वाचनालयातल्या बाईंनी पुस्तक कशात शोधायचं?" मी विचारलं.

सई फुरंगटली. मग तिने आपल्या मशीनवर नव्याच्या शेजारी जुनं पायथन वेगळं बसवलं, फक्त नव्यावरच चालणाऱ्या नवलाईच्या दोन ओळी साध्या केल्या. प्रोग्रॅम दोन्हींवर चालला.

"तुझ्यामुळे लोक मागेच राहतात, आजी."

"राहू देत गं. पुस्तक तर सापडेल."