विरोधकाला माईक देणारे विशे सर

लग्न होऊन मी सापगावात आले, त्याच महिन्यात गावच्या वाचनालयाचा कारभार पाहणाऱ्या विशे सरांची तिथे पहिली भेट झाली. सभासद-अर्जावर मी पतीचे नाव लिहिले होते. सर म्हणाले, "वाचणार कोण? तुम्हीच ना? मग नाव तुमचंच लिहा." आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. मला लिहिण्याची सवय नाही; पण एक प्रसंग माझ्या घरातला आहे, तो मीच सांगायला हवा.

माझे पती वसंतराव सरांचे विद्यार्थी, बोलायला फटकळ. एकदा त्यांनी गावाच्या मोबाइल ग्रुपवर लिहिले, की वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे वक्ते सर एकटेच ठरवतात, कमिटी नुसती मान डोलावते. पुढे असेही लिहिले, की ग्रंथपाल सुनंदाताई नवी पुस्तके आधी आपल्या घरी नेतात. वसंतरावांना लगेच ग्रुपमधून काढले. मालेत त्यांचे भाषण ठरले होते, तेही रद्द करायचे घाटत होते.

वाचनालयाच्या बैठकीत कार्यकर्ते चिडले, "सर, त्यानी तुमाला नावं ठेवली, आनि तुमी त्यालाच माईक देताय?"

सर म्हणाले, "मला ठेवली ना? मग कान माझे दुखतील. तुमी कशाला डोकं धरताय?"

संध्याकाळी सर आमच्या घरी आले. "वसंत, माझ्यावर काय बोलायचं ते बोल. पण सुनंदाचं तू स्वतः पाहिलंस?"

"नाय सर. ऐकलं होतं."

"मग आधी तिच्या दारात जा. माईक नंतर."

तिसऱ्या दिवशी हे सुनंदाताईंची माफी मागून आले. भाषणाच्या सुरुवातीला ती चूक त्यांनी सर्वांसमोर कबूल केली आणि नंतर सरांवर मनसोक्त टीका केली. सर पहिल्या रांगेत बसून वहीत टिपून घेत होते. पुढच्या वर्षीपासून वक्त्यांची यादी सभासदांच्या सभेत ठरू लागली.

गेल्या हिवाळ्यात वसंतराव गेले. दहाव्याला नदीवर सगळे त्यांच्या गोड स्वभावाविषयी बोलले. मग सर उठले. "वसंत गोड नव्हता. माझं-त्याचं शेवटपर्यंत पटलं नाही. पण यादीचं त्याचंच बरोबर होतं." रडता रडता मला हसू आले. माझा माणूस जसा होता तसाच सांगितला गेला, याचे समाधान अजून आहे.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो. आणि "सर, हे मला पटत नाही" असे तोंडावर सांगणारी माणसे त्यांच्याभोवती सदैव असोत.