पाच नंबरचे बूट आणि लोखंडी दात

आमच्या लीडरच्या अंधेरीच्या खोलीत सतरंजीवर सगळं सामान पसरलं होतं. दोर, हेल्मेटं, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी, आणि क्रॅम्पॉन. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाच्या तळाला बांधायचा लोखंडी सांगाडा. त्याला खाली दहा दात आणि पुढे चोचीसारखे दोन. उभ्या बर्फावर माणूस उभा राहतो तो या पुढच्या दोन दातांवर. त्या दिवशी माझा बूट त्या सांगाड्यात खुळखुळत होता.

“पट्टा आवळ अजून,” लीडर म्हणाला.

“शेवटच्या भोकापर्यंत आवळलाय. हलतंय तरी.”

त्याने माझा पाय घोट्याशी धरून हलवला. बूट एकीकडे, लोखंड दुसरीकडे. खोलीतले बाकीचे चौघे बघत होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मार्चच्या शेवटी, थंडी ओसरायच्या आत, आम्ही सहा जण हिमाचलातल्या एका शिखरावर जाणार होतो. मी तेवीस वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, राहायला मुलुंडला. दोन वर्षं सगळे रविवार बोरिवलीच्या जंगलातल्या कातळांवर घालवले होते, उत्तरेत जाऊन बर्फाचा कोर्सही केला होता. सहा जणांत मुलगी मी एकटी. बर्फाची साधनं तेव्हा मुंबईच्या बाजारात मिळत नसत. कुणी परदेशातून आणली तर आणली, नाहीतर भाड्याने मागवायची. भाड्याने आलेली सगळी पुरुषांच्या मापाची होती. माझा बूट पाच नंबरचा, तोही आत दोन लोकरीचे मोजे घालून.

लीडर तसा वाईट माणूस नव्हता. पस्तिशीचा, सरकारी नोकरीतला, दोन मोठ्या मोहिमा केलेला. सामान निवडताना एकेक कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, कानाशी धरून तिची खिट्टी कशी वाजते ते ऐकायचा. त्याने माझ्या पायातलं लोखंड सोडवलं आणि सरळ सांगितलं, “हे घालून तुला मी वर नेणार नाही. तू बेस कॅम्पला थांब. तिथेही माणूस लागतोच ना.”

“म्हणजे स्वयंपाकाला?”

तो दोर गुंडाळायला लागला. मीच म्हणाले, “मला तीन आठवडे दे. मी माझ्या मापाचे करून आणते.”

“कुणाकडून?”

“माझे बाबा फिटर आहेत.”

कुणीतरी हसलं. लीडर हसला नाही. “आण,” म्हणाला, “पण आधी मी बघणार.”

बाबांनी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली होती. संपानंतर गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही, तेव्हापासून ते घाटकोपरला एका गाळ्यात कामाला जात. तिथे पंपाचे भाग दुरुस्त व्हायचे. संपानंतर ते फार बोलेनासे झाले होते. कोर्सला जाताना त्यांनी मला अडवलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. आई मात्र रोज काहीतरी बोलायची. त्या रात्री जेवताना मी कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा बाबांनी ताट बाजूला सरकवलं आणि कागद उजेडाकडे धरला.

“वजन कशावर येता?” त्यांनी आपल्या मालवणीत विचारलं.

“या दोन दातांवर. सगळं.”

“आणि हे तुटले तर?” आईने विचारलं. बाबा कागदावर मापं लिहायला लागले.

बाबांनी ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद आणलं. गाळ्यातली दुपारची सुट्टी आणि संध्याकाळचा तासभर ते त्यावर घालवत. भाड्याच्या क्रॅम्पॉनचा नमुना मी मागून आणला होता, तो त्यांनी माझ्या बुटाच्या मापाने लहान केला. नवव्या दिवशी जोड तयार झाला. काळा, जड, तेलाचा वास येणारा. मी घरातच बुटाला बांधून पाय आपटला. काहीही हललं नाही. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्याच दिवशी लीडरला फोन केला.

पण तपासायला बर्फ कुठून आणणार? ती सोय आमच्यातल्याच एकाने केली. तो मालाडच्या खाडीकडच्या जुन्या गावातला, ख्रिश्चन घरातला. त्याचे मामा तिथल्या बर्फाच्या कारखान्यात मुकादम होते. मासेमारीच्या होड्यांसाठी तिथे लाद्या बनत. रविवारी सकाळी मामांनी थंड खोलीत लाद्या एकावर एक रचून भिंतीला टेकवून दिल्या. दोन माणसं उंच झाली असेल ती रास. वर तुळईला आम्ही दोर अडकवला. बाहेर अंगाला घाम फुटत होता आणि आत तोंडातून वाफ येत होती. अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. बाबा दाराशी स्वेटर घालून उभे होते. आपलं काम बघायला ते पहिल्यांदाच माझ्याबरोबर कुठे आले होते.

लीडरने सांगितलं, “आधी तासभर लोखंड इथेच ठेवा. थंड होऊ दे.” ते त्याचं बरोबरच होतं, थंडीत पोलाद जास्त ठिसूळ होतं.

मग मी बांधले आणि चढले. पहिली लाथ मारली, दात आत गेले. दुसरी. तिसरी. दोन्ही हातांत कुऱ्हाडी, गाल बर्फापाशी. मी सहा-सात फुटांवर होते. उजवा पाय उचलून मारला तर टक् असा आवाज झाला, काच तडकावी तसा. पाय सुटला. खाली दोर सांभाळणाऱ्याने तो ओढला खरा, पण दोर जरा ढिला होता. मी लाद्यांवरून घसरले आणि उजव्या पायाचे खालचे दात माझ्याच डाव्या पोटरीत घुसले.

रक्त बर्फावर फार लाल दिसतं. सगळे माझ्याभोवती जमले. मालाडच्या मित्राने आपला शर्ट काढून पोटरीला बांधला. बाबा आधी माझ्याकडे आले, पायावर हात ठेवला, आणि मग तुटलेला दात शोधायला खाली वाकले. तो उचलून त्यांनी उजेडात धरला.

“दाणो बघ,” ते म्हणाले. “साखरेसारखो दिसता. पाणी जास्त बसला, पोलाद फार कडक झाला. मी घाई केली.”

लीडरने तो तुकडा त्यांच्याकडून घेतला नाही. मला विचारलं, “आता तूच सांग. यावर तू जाशील?”

मी उत्तर दिलं नाही. नाही म्हणायला हवं होतं, किंवा हो म्हणायला हवं होतं. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते आणि मी बर्फाकडे बघत बसले.

पोटरीला चार टाके पडले. घरी बाबा आणि मी तीन दिवस एकमेकांशी बोललो नाही. आई माझी पट्टी बदलायची आणि बाबांकडे न बघता म्हणायची, “झालं ना आता? सुटलात ना एकदाचे?” मला वाटलं, खरंच सुटलो. एक्स्चेंजमध्ये मी लोकांचे ट्रंक कॉल जोडत होते आणि मनात बेस कॅम्पवरच्या भांड्यांचा हिशोब मांडत होते. राग मला लीडरचा नव्हता, बाबांचाही नव्हता. स्वतःच्या गप्प बसण्याचा होता.

चौथ्या दिवशी कामावरून मी परस्पर घाटकोपरला गाळ्यावर गेले. बाबा भट्टीपुढे होते. सांगाड्याला बोल्टने बसवायचे नवीन दात घडवून झाले होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

“बस. बघ,” म्हणाले.

त्यांनी एक दात लालभडक करून तेलात बुडवला. मग घासून चकचकीत केला आणि पुन्हा मंद आचेवर धरला. पोलादावर आधी पिवळा रंग आला, मग तपकिरी, मग जांभळट. निळा झाल्याबरोबर त्यांनी तो बाहेर काढला. गेल्या वेळी हे दुसरं तापवणं त्यांनी उरकून टाकलं होतं. कठीण झालेलं पोलाद असं थोडं उतरवलं नाही तर ते काचेसारखं तडकतं. त्यांनी तो दात टेबलाला जडवलेल्या पकडीत आवळला आणि माझ्या हातात घण दिला.

“मार.”

मी मारला. दात वाकला.

“जोरात मार गो. राग असलो तर तोय काढ.”

मी मारत राहिले. दात वाकून पार आडवा झाला, पण तुटला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी माझ्या हातातून घण काढून घेतला. “मला त्या दिवशी काहीतरी बोलायला हवं होतं,” मी म्हणाले. ते म्हणाले, “खोटा कित्याक बोलतलंस? तुटलेलो दात सगळ्यांनी बघितलो.”

निघायला आठ दिवस उरले असताना आम्ही पुन्हा मालाडला गेलो. टाके निघाले होते, पोटरी ओढल्यासारखी दुखत होती. लीडर आला होता, पण त्याचा चेहरा बघूनच कळत होतं की त्याने मनात नाही असा निर्णय घेऊन टाकलाय. मी खाली बसून बूट घालायला लागले, तर बाबांनी बूट माझ्या हातातून काढून घेतले.

“काय करताय?”

“माझोय पाय पाच नंबरचो,” ते म्हणाले. “मी घातल्याशिवाय तुका देवचंय नाय.”

“अहो काका,” लीडर म्हणाला, “तुम्हाला येत नाही हे.”

“येता कसला, लाथ तर मारूची आसा.”

कुणाचंही ऐकायला ते तयार नव्हते. मी त्यांच्या कमरेला पट्टा बांधला, गाठ तीनदा तपासली, आणि दोर स्वतःच्या हातात घेतला. दुसऱ्या कुणाला द्यायची माझी हिंमत नव्हती. छप्पन्न वर्षांचा माणूस, कधी डोंगर चढलेला नाही, पँट मोज्यात खोचून बर्फाच्या लाद्यांवर चढायला लागला. कुऱ्हाड ते हातोडीसारखी धरत होते. प्रत्येक लाथेला मी आवाज ऐकत होते. खच्. खच्. दोर इतका ताठ धरला होता की तळवे जळत होते. अर्ध्यावर त्यांचा डावा पाय सुटला आणि सगळं वजन उजव्या पायाच्या दोन दातांवर आलं. ते तिथे लटकून राहिले, श्वास घेत.

“उतरा बाबा!”

“थांब गो.”

लोखंडी दात बर्फात टिकून राहिले. त्यांनी डावा पाय परत रोवला, वर पोहोचले, आणि तिथल्या तिथे एकेका पायाने लाथा मारत सुटले. दहा, वीस. बर्फाचे कपचे आमच्या डोक्यावर पडत होते. मित्र ओरडला, “बस झालं काका, कारखाना पडेल!” मग मी त्यांना हळूहळू खाली सोडलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. त्यांच्या पायातून बूट काढून मी स्वतः घातले आणि चढले.

माझं झाल्यावर लीडरने भिंग काढून दोन्ही क्रॅम्पॉन तपासले. एकेका दाताचं मूळ नखाने चाचपलं. मग त्याने ते माझ्या सॅकवर ठेवले. “सुटे दात चार जास्त घे,” म्हणाला, “आणि तुझ्या दोरावर मी असेन.”

शिखर आम्हाला मिळालं नाही. वरच्या खिंडीखाली दोन दिवस वादळात अडकलो आणि परत फिरलो. पण त्याआधी दोनशे फुटांचा उभा बर्फ होता, तो मी चढले. पहिल्या पन्नास फुटांत प्रत्येक लाथ मारताना माझे कान काचेचा आवाज शोधत होते. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पांढरं. कुठल्या लाथेपासून मी ऐकायचं थांबवलं ते मला आठवत नाही. वर पोहोचले तेव्हा लीडरने एवढंच विचारलं, “पाय ठीक?” मी म्हटलं, “ठीक.” त्रास दिला तो पट्ट्यांनी. ओले होऊन ते रात्रीत गोठायचे, सकाळी बकल स्वतःच्या दातांनी ओढून सोडवावं लागायचं.

घरी आले तेव्हा चेहऱ्याची सालं निघत होती. आईने मला उजेडात उभं करून आधी पोटरी बघितली, मग बोटं मोजली. बाबांनी चहा होईपर्यंत दम धरला.

“तिकडचो बर्फ कसो?”

मी सांगत बसले. किती निळा असतो, कुऱ्हाड मारली की कुठे वाजतो आणि कुठे मुका राहतो. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी पट्ट्यांचं सांगितलं. त्यांनी एक बकल हातात घेऊन उलटसुलट केलं, माझ्या दातांच्या खुणा बघितल्या, आणि सकाळी कामावर निघताना दोन्ही पट्टे पिशवीत घालून घेऊन गेले.